पायांना हात लावायचा नाही

कुत्रा गाडीच्या पुढच्या सीटवरून उतरला. त्याला सोडायला आलेल्या दोघा भावांपैकी थोरला गाडी चालवत होता, धाकटा मागे अवघडून बसला होता आणि पुढे, काच अर्धी खाली केलेल्या खिडकीशी, तोंडाजवळ पांढरा पडलेला एक तांबूस गावठी कुत्रा ताठ बसून होता. मी फाटक उघडायला गेले तेव्हा दोघं भाऊ चपला काढत होते. उन्हाने फरशी तापलेली, तरी अनवाणी पायांनी त्यांनी दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले.

जळगावच्या कडेला, केळीच्या बागा सुरू होतात तिथे आमचं हे छोटं निवारागृह आहे. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मी इथे आले. कुत्र्यांना नवी घरं शोधून देणं हे माझं काम. माझा स्वभाव तापट आहे आणि कुत्रा सोडायला येणाऱ्या माणसांशी मी गोड बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवशी मात्र माझा गोंधळ उडाला. थोरला म्हणाला, "ते सकाळी लवकर जेवत नाहीत. आधी पाणी लागतं." मला वाटलं, गाडीत कुणी वडीलधारं आहे. मी डोकावून पाहिलं तर गाडी रिकामी. धाकट्याने पितळेचा तांब्या आणि घडी केलेली गोधडी माझ्या हातात दिली आणि त्यांची झोपायची जागा दक्षिणेला तोंड करून नको, एवढं बघा, म्हणाला. मग मला कळलं की हे कुत्र्याबद्दल चाललंय. कारण विचारलं तर दोघंही खाली बघत म्हणाले, चावतात. घरातल्या तिघांना चावलेत.

जाताना त्यांनी कुत्र्याकडे पाठ केली नाही. फाटकापर्यंत उलट पावलांनी गेले. आम्हाला वृद्धाश्रम समजलात का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण थोरल्याचे डोळे पाण्याने भरले होते म्हणून गप्प बसले.

चावलेल्या कुत्र्याला नवं घर देणं म्हणजे विस्तवाशी खेळ. आमच्या विश्वस्तांचा नियम साधा आहे. तीनदा चावलेला कुत्रा कुणाला द्यायचाच असेल तर तो का चावतो हे आधी शोधा, आणि पुन्हा चावला तर तो कायमचा मागच्या पिंजऱ्यात. मागचा पिंजरा भिंतीकडे तोंड करून आहे. तिथे गेलेला कुत्रा हळूहळू भुंकणं सोडतो. याला तिथे जाऊ द्यायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं.

कारण कुत्रा शहाणा होता. ताटली ठेवली तरी आधी पाणी प्यायचा, मग जेवायचा. इतर कुत्री हाडावरून भांडत, हा बाजूला बसून बघायचा, भांडण जास्तच झालं तर उठून त्यांच्या मधे जाऊन उभा राहायचा, आणि ती गप्प व्हायची. आणि संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी, फाटकाशी जाऊन तो घशातून एक आवाज काढायचा. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. कुणी मोठं माणूस घरात शिरण्याआधी खाकरतं तसा. आमचे डॉक्टर म्हणाले, म्हातारा आहे, श्वासनळी नाजूक झालीये. मी म्हटलं, बरोबर. पण रोज त्याच वेळी का, हे मी त्यांना विचारलं नाही.

झाडलोट करणाऱ्या बाई तो आवाज आला की डोक्यावर पदर घ्यायला लागल्या. मी त्यांना हसले. मग एकदा डॉक्टरांना फोन करताना मीच म्हणून गेले, "ते आज जेवले नाहीत." पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, कोण? मी फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. दुसऱ्याच दिवशी गाडी काढली आणि तापी ओलांडून त्या भावांच्या गावी, चोपड्याला गेले.

घर बाजारापासून आत होतं, खाली कापूस भरायची खोली आणि वर राहायची. ओसरीत बाज होती, तिच्यावर स्वच्छ चादर. त्या बाजेवर कुणी बसलं नाही. मलाही खुर्ची दिली. थोरल्या सुनेने चहा आणला आणि मी विचारायच्या आधीच सगळं सांगायला लागली. इतके दिवस कुणाला सांगावं हे तिला कळत नव्हतं असं दिसलं.

सासरे, म्हणजे आबा, त्या ओसरीतल्या बाजेवरच वारले होते. कुत्रा त्यांचा, मळ्यातला. आजारी पडून ते घरी आले तेव्हा पाठोपाठ तोही आला आणि बाजेखाली पडून राहिला. आबा गेल्यावर त्या जागी दिवा लावला, शेजारी ताटात पीठ पसरून त्यावर टोपलं पालथं घातलं. ही चाल आमच्याकडे सगळीकडेच आहे. सकाळी टोपलं उचलून बघतात, पिठावर कशाचा ठसा उमटलाय. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून समजतं म्हणे. या घरात टोपलं उचललं तर पिठावर कुत्र्याचं पाऊल होतं.

मला हसू आवरेना. पीठ पसरलं की कुत्रं येणारच, आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं ही म्हण काय उगाच आहे? पण सून हसली नाही. ती म्हणाली, कुत्रा त्या रात्री मागच्या अंगणात बांधलेला होता, साखळीने.

त्या दिवसापासून कुत्रा बाजेवर झोपू लागला. पहिला घास त्याला. घराबाहेर पडताना सगळे त्याच्या पाया पडायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी भरल्यावर, थोरल्या मुलाने त्याच्या दोन्ही पंजांवर हात ठेवून डोकं टेकवलं आणि तो हाताला चावला. सगळ्यांना वाटलं, आबांचा राग आहे, बांधावरच्या झाडांना हात लावू नका असं ते सांगत होते आणि यांनी तोडली होती. पुढे जावई आले. त्यांचं नि आबांचं कधी पटलं नव्हतं. तेही पाया पडले, त्यांनाही चावला. मग धाकटी सून. ती नोकरीला जाते, आबांच्या आजारात तिला रजा मिळाली नव्हती. ती कपाळ टेकवायला वाकली आणि भुवईवर टाके पडले. धाकटी मला भुवई दाखवत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा लाज जास्त होती. तिला वाटत होतं, तिचं काय चुकलं ते आता सगळ्या चोपड्याला कळलंय.

माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडला. चावे कुठे झाले होते? हाताला, हाताला आणि तोंडाला. तिघं काय करत होते? पंजांना हात लावत होते. राग धरला असेल म्हणून जितकं जास्त वाकत होते तितका तो जास्त चावत होता. आगीतून उठून फुफाट्यात, तेही हात जोडून. मी त्यांना तिथेच फैलावर घेतलं. झोपलेल्या जनावरावर ओणवं होऊन त्याचे पाय धरायचे आणि वर त्याने आशीर्वाद द्यावा म्हणायचं?

दारात आबांच्या पत्नी तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. फक्त मी उठले तेव्हा विचारलं, "कुत्रं जेवस का?"

सगळ्या घरात त्या एकट्याच त्याला कुत्रं म्हणत होत्या. या घरात एक तरी शहाणं माणूस आहे असं मला वाटलं आणि बरं वाटलं. जेवतो म्हटलं. त्यांनी मान हलवली.

जळगावला परत येऊन तोंडाला जाळी घालून डॉक्टरांकडून त्याचे पाय तपासून घेतले. पुढच्या उजव्या पंजातलं एक बारीक हाड केव्हातरी मोडून वाकडंतिकडं जुळलेलं होतं. दाबलं की दुखायचं. झालं, सुटलं कोडं. त्याच्या पाटीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, पायांना हात लावायचा नाही. घर असं हवं होतं जिथे हे पाळलं जाईल, आणि जिथे त्याला कुणी देव करणार नाही.

असं घर धुळ्याला मिळालं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका, एकट्या राहणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, मीही म्हणते. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि सगळं जागच्या जागी. मी त्यांना चाव्यांबद्दल सगळं सांगितलं, पंजाबद्दल सांगितलं. पीठ, टोपलं, आबा, यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. सिस्टर म्हणाल्या, आयुष्यभर दुखऱ्या जागेला हात न लावता पेशंट उचललेत, कुत्र्याचं काय एवढं. आणि त्याला म्हणाल्या, "ये रे इकडे." मी इतकी निवांत झाले की परतताना पारोळ्याला थांबून भजी खाल्ली.

त्यांचा फोन पावसाळ्यात आला. कुत्रा छान आहे, चावला नाही, अंगणात झोपतो. फक्त एक विचारायचं होतं. संध्याकाळी दिवे लागले की फाटकाशी बसतो आणि ईशान्येकडे तोंड करून खाकरतो. नंतर घरात येतो, जणू आत कुणी आहे त्यांना आधी कळवायचं असतं. समोरच्या बाई म्हणतात, सिस्टर, तुमच्याकडे कुणी मोठं माणूस राहायला आलंय का? आधीच्या मालकाकडे असं करायचा का?

धुळ्याहून ईशान्येला चोपडा आहे. मी म्हटलं, जनावर आहे, माणसाची खोड लागली असेल. हे खरंही आहे. तरी त्या संध्याकाळी मी दिवे जरा लवकरच लावले.

त्याच आठवड्यात चोपड्याहून फोन आला. आबांच्या पत्नीला कुत्रा बघायचा होता. मुलांना विचारलं तर ते घाबरले, म्हणून त्यांनी शेजारणीकरवी माझा नंबर लावला. मला ते पटलं नाही. पुन्हा ओळख, पुन्हा आठवण, पुन्हा कुणीतरी पाया पडायचं, एक चावा, आणि मागचा पिंजरा. मी तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, पायाला हात लावणार नाही. त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की नाही म्हणता आलं नाही.

मी आजींना, आता मी त्यांना आजीच म्हणत होते, चोपड्याहून घेतलं. त्या पुढे माझ्या शेजारी बसल्या. अमळनेर मागे पडलं. मग म्हणाल्या की पाऊल उमटवायला त्या स्वतः गेल्या होत्या.

आबा गेल्यावर मुलांनी कुत्र्याला सातपुड्याच्या पायथ्याशी सोडून यायचं ठरवलं होतं. ते यांनी ऐकलं. घरात पिठाची चाल होणार हे माहीत होतं. म्हणून पहाटे, सगळे उठायच्या आत, त्या अंगणात गेल्या, साखळी सोडली, कुत्र्याला ओसरीत आणलं. त्याचा पंजा पिठात टेकवायचा, म्हणजे पोरं त्याला सोडणार नाहीत, एवढाच बेत होता.

"मी टोपलं उचलं," त्या म्हणाल्या, "तं पाऊल पहिलेच उठेल व्हतं. कुत्रं तं मन्हा हातमाच व्हतं."

मी म्हटलं, तुमच्या आधी मांजर येऊन गेलं असेल. पण मी जीवशास्त्र शिकवलंय. मांजराच्या पावलात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. नखं दिसत होती का, मी विचारलं. त्यांनी स्टेअरिंगवरच्या माझ्या हाताकडे बघत हवेत चार टिंबं काढून दाखवली. 

थोड्या वेळाने मीच पुन्हा माझं शास्त्र काढलं. पंजातलं हाड, दुखरी जागा, म्हणून चावायचा, आबांचा राग वगैरे काही नव्हता, सुनेलाही सांगा. त्यांनी नीट ऐकलं. मग आबांबद्दल म्हणाल्या, "त्या कोनलेच पाया पडू देयेत नही. जन्मभर. कोनी वाकनं का पाय आखडी लेयेत, खेकसेत. मालेबी पडू दिधं नही." लग्नात एकदा, तेही भटजीने जबरदस्ती केली म्हणून, आणि मग थेट ते गेल्यावर. मधल्या सगळ्या वर्षांत एकदाही नाही.

माझं सगळं शास्त्र खरं होतं आणि तरी गाडीत मला एकाएकी गार वाटलं.

त्यांना हवं काय होतं ते त्यांनी मग सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी आबा म्हणाले होते, मला मयामा, म्हणजे मळ्यात, घेऊन चल, निंबाखाली. यांनी म्हटलं, आता अंधार पडतोय, सकाळी जाऊ. सकाळ व्हायच्या आत ते गेले. "मन्हावर रागे शेतस का, तेवढंच दखनं शे माले," त्या म्हणाल्या, आणि डोळे न पुसता समोर रस्त्याकडे बघत राहिल्या. मला त्यांची इतकी कीव आली की गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. पण कुत्र्याचीही भीती वाटत होती. रागावलेला आहे की नाही हे त्या कुत्र्याला विचारणार होत्या, आणि कुत्र्याचं उत्तर दातांनी येऊ शकत होतं.

सिस्टरांकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सिस्टरांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. आजी भिंतीला टेकून, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून, खाली बसल्या. मी त्यांच्या आणि दाराच्या मधे स्टूल टाकून बसले. कुत्रा फाटकाशी होता. आम्ही आलेलं त्याने पाहिलं होतं आणि तो उठला नव्हता.

मग उंबऱ्यात तो खाकरला.

आजींनी डोक्यावर पदर घेतला. विचार करून नाही, हात आपोआप गेला तसा. सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

कुत्रा आत आला. माझ्या स्टुलाला वळसा घातला. आजी पुढे झुकल्या आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "पायाला हात नको!" त्यांनी हात मागे घेतले, मांडीवर ठेवले. कुत्रा त्यांच्यासमोर उभा राहिला, त्यांचे तळवे हुंगले, पोटऱ्या हुंगल्या. मग बसला, पुढचे पाय पसरले आणि आपलं डोकं त्यांच्या दोन्ही पायांवर टेकवलं.

कुत्री असं करतात. माझ्याही पायांवर कितीतरी कुत्र्यांनी डोकं ठेवलंय. हे मी स्वतःला सांगत होते आणि अंगावर काटा आला होता.

आजी हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पदर पुढे होता. बऱ्याच वेळाने त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ज्याला आजवर फक्त कुत्रं म्हणत आल्या होत्या त्याला हळू आवाजात म्हणाल्या, "पुरे. ऊठा आते. चला, मयामा जाऊत."

तो उठला. अंग झाडलं, कान फडफडवले आणि सिस्टरांच्या मागे स्वयंपाकघरात भाकरी मागायला गेला. पाणी मागायला थांबला नाही.

परतताना आजी मागे बसल्या. पुढे बसा ना, मी म्हटलं. राहू दे म्हणाल्या. अमळनेरच्या पुढे गाडीत सीटबेल्टचा इशारा वाजायला लागला, पुढच्या रिकाम्या सीटसाठी. माझी पर्स त्या सीटवर होती. पर्सच्या वजनाने वाजतो कधीकधी. मी पर्स उचलली नाही. उचलून बघायची मला हिंमत झाली नाही, हे इथे कबूल करते.

चोपड्याच्या अलीकडे, केळीचं पहिलं शेत लागलं तिथे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. आतल्या बाजूला, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात, निंबाचं झाड आणि एक रिकामी बाज दिसत होती. त्या खाली उतरल्या, पुढच्या दाराजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पुढलं दार उघाड, माय."

मी उतरले, गाडीला वळसा घातला आणि दार उघडलं. उघडं धरून उभी राहिले. समोर रिकामी सीट आणि माझी पर्स. माझे कुणी विद्यार्थी पाहत नव्हते म्हणून बरं. आजी निंबाकडे चालत गेल्या, रुंद बांध असूनही एका कडेने, शेजारी कुणाला जागा सोडून. बाजेशी थोडा वेळ थांबल्या. परत आल्या तेव्हा बांधाच्या मधून चालत होत्या. मी दार लावलं. इशारा पुन्हा वाजला नाही, पर्स तिथेच होती.

परवा सिस्टरांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, शेजाऱ्यांच्या नातीने कुत्र्याला हात मिळवायला शिकवलंय. उजवा पंजा देतो, कुणीही धरावा. संध्याकाळी आता फाटकाशी बसत नाही, आधी मागतो भाकरी. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. त्याला घर मिळालं, मागचा पिंजरा टळला, माझं काम पूर्ण झालं. मग मी चोपड्याला फोन लावला आणि आजींना सांगितलं की आता त्याच्या पायांना हात लावला तरी तो चावत नाही.

पलीकडे त्यांनी तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंग ते कुत्रं शे आते," त्या म्हणाल्या. "त्याले जीव लावा."